शेवटच्या ओळीतलं नाव

भीमगीतं गाणाऱ्या राजानंदचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर दिलं नाही. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्याने वाटूरहून पत्रच टाकलं होतं: "काकासाहेब, तारांवर चाकू फिरवून गिटार वाजवणाऱ्या त्या माणसाचं नाव काय? गाणं रचलंय. शेवटच्या ओळीसाठी पाहिजे."

ती गोष्ट मीच त्याला बदनापूरच्या वाचनालयात सांगितली होती. हँडी नावाचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय संगीतकार स्टेशनावर गाडीची वाट पाहत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस तारांवर चाकू फिरवत गिटार वाजवत एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडीने पुढे तसल्या गाण्यांची स्वरलिपी लिहिली, छापली, आणि काळ्या शेतमजुरांचं दुःख अमेरिकेच्या नाचगाण्यात, जॅझमध्ये, गोऱ्यांच्या दिवाणखान्यातही शिरलं. यावर पुस्तक लिहायचं म्हणून मी वर्षानुवर्षं वाचत राहिलो. एक पान धड उतरलं नाही. आणि राजानंदने गाणं रचलं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

भीमजयंतीला त्याची गायन पार्टी बदनापुरात आली. मी सगळ्यात मागे बसलो. हार्मोनियमवर त्याने ते स्टेशन उभं केलं. कापूस वेचणाऱ्या बाया माना डोलवत होत्या. माझ्या मनात एकच, पडावं हे गाणं. शेवटचं कडवं आलं, जिथं गाणं रचणारा आपलं नाव गुंफतो, आणि तो थांबला.

"अन् नाव रे?" त्या बायांतल्या सगुणाबाई पुढून ओरडल्या. "इसरला का?"

"इसरलो न्हाई, मावशे. माझं न्हाई, त्या गिटारवाल्याचं घालायचंय. काकासाहेबांना पत्र टाकलंय. त्यांनाच म्हाईत."

"मंग काकासाहेब झोपून राह्यले काय?"

मंडप हसला. मीही हसलो. कान मात्र तापले होते. गाणं पडलं नव्हतं. माझ्यामुळे अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी लिहिलं: "त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. हँडीनेही लिहून ठेवलं नाही. तू तुझं घाल. गाणं चांगलं आहे." हे शेवटचं वाक्य हातून निघता निघेना. खाली आणखी एक ओळ लिहिली, 'माझं नाव कुठे घालू नकोस', आणि खोडली. खोडलेलं नीट वाचता येत होतं, आणि त्यामागची माझी हावही. दुसरा कागद घ्यावा असं वाटलं.

पण तेच पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं.