संथ रायटर

रिफेतला सीडी रायटर घ्यायचा होता, आणि तोही सगळ्यात संथ. तूझला शहराच्या बाजारात कॉम्प्युटरचं सामान विकणारा फिक्रेत त्याच्याकडे बघतच राहिला. नवा रायटर चुटकीसरशी काम उरकतो, हे त्याने दोनदा सांगून पाहिलं. शेवटी म्हणाला, "भाऊ, लोक घोडा मागतात, तू गोगलगाय मागतोस. ने बाबा, नाहीतरी ती इथे धूळच खात पडलीय."

रिफेतने कारण सांगितलं नाही. सुआदाशी घटस्फोट होऊन एक वसंत सरला होता. तिच्या माहेरचे सगळे फोटो लढाईत जळाले होते. जर्मनीतल्या मावशीकडे जे सापडले, ते दोघांनी मिळून या घरच्या कॉम्प्युटरवर चढवले होते. त्यांची सीडी न्यायला ती आज येणार होती. सीडी होईपर्यंत ती बसेल, तेवढ्यात तिला परत ये म्हणायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. आशा नव्हती, धाकधूकही नव्हती. महिनोन्‌महिने त्याला कसलंच काही वाटत नव्हतं.

ती आली आणि पाहुण्यासारखी कोचाच्या कडेवर बसली. रायटर घरघरू लागला. मध्येच कॉम्प्युटरला हात लागला तर सीडी वाया जायची, म्हणून दोघं पडद्यावर सरकणारी पट्टी नुसती बघत राहिले. त्याने स्वागताची कॉफी केली. मग गप्पांची केली, गप्पा मात्र झाल्या नाहीत. तिने आपल्या भाड्याच्या खोलीबद्दल काहीबाही सांगितलं, त्याने हं हं केलं. पट्टी टोकाला आली, तशी आता ती उठेल म्हणून तो घाईघाईने आत गेला आणि पुन्हा कॉफी घेऊन आला.

ट्रे टेबलावर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यांच्याकडे पाहुण्याला तिसरी कॉफी देतात ती, आता निघा, हे सांगण्यासाठी.

सुआदा कपाकडे बघत राहिली. "तोंडाने सांगितलं असतंस तरी गेले असते," ती म्हणाली. "मी बॅग भरून आणली होती, रिफेत. बाहेर जिन्यात ठेवलीय."

माझ्या मनात तसं नव्हतं, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"सीडी झाली," तो म्हणाला.

तिने रीतीप्रमाणे कप रिकामा केला, सीडी घेतली आणि दार ओढून घेतलं. बॅग जड असावी. ती पायऱ्यांवर आपटत खाली जाताना त्याने ऐकली.