मध्येच लागलेलं गाणं

मित्रांनो, माझ्या पावतीवर ‘ध्वनिक्षेपक’ असं भारदस्त नाव लिहिलेलं होतं; पण त्या नावाने मला कधी कुणी हाक मारली नाही. मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पोटात तारेचं बारीक वेटोळं आणि एक पातळ पडदा. समोर कुणी बोललं की पडदा थरथरतो आणि आवाज तारेतून पुढे जातो. एवढंच माझं काम. काय बोलावं हे मला ठरवता येत नाही आणि ऐकलेलं आपणहून कुणाला सांगताही येत नाही.

माझी उमेदीची वर्षं लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात गेली. गाडीला कर्णा बांधून आम्ही गल्लोगल्ली हिंडायचो. साबण, गाद्या, चपला. ‘शेवटचे दोन दिवस, स्टॉक संपेपर्यंत!’ असं माझ्यासमोर घसा फोडून सांगितलं जाई. तो स्टॉक काही शेवटपर्यंत संपला नाही. लोक मात्र आम्ही आलो की खिडक्या लावून घेत.

दुकान बंद पडलं तेव्हा मला टेलिफोनमावशींनी विकत घेतलं. जन्मभर टेलिफोन कचेरीत नोकरी केल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीतल्या लोकांना गोळा करून वस्तीचा स्वतःचा छोटा रेडिओ सुरू केला. वाचनालयाच्या वरची खोली मिळाली. भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकल्या. काचेपलीकडच्या बोळकांडीत वस्तीतला वायरमन यंत्र सांभाळायला बसू लागला.

तिथे माझ्यासमोर कुणी ओरडत नव्हतं. पाणी कधी येणार, दवाखान्यात कोणते डॉक्टर बसणार, कुणाची किल्ली सापडली आहे, असं सगळं मावशी घरात बोलावं तसं सांगायच्या. एकदा एका आजोबांनी हरवलेली कवळी जाहीर करायला लावली. सगळी वस्ती शोधत राहिली आणि ती निघाली त्यांच्याच खिशात! खिडक्या लावून घेणारी तीच माणसं आता रेडिओचा आवाज वाढवून बसत. मित्रांनो, मला फार धन्य वाटायचं.

मग शिवणकारखान्याला आग लागली.

वस्तीतली निम्मी घरं त्या कारखान्यावर चालत होती. वरच्या मजल्यावर इस्त्री करणारी एक तरुण बाई त्या आगीत गेली. मोठ्या वाहिनीच्या गाड्या आल्या. खाली वाचनालयातल्या टीव्हीचा आवाज मला वर ऐकू येत होता. कामगार बाईने इस्त्री चालू ठेवली, तिच्या हलगर्जीपणामुळे आग लागली, असं ते परत परत सांगत होते. तिचं नाव घेत होते. आणि मध्ये मध्ये त्याच कारखान्याच्या कपड्यांची जाहिरात लागत होती.

चार-आठ दिवसांनी एक बाई जिना चढून आली. ती त्याच कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर कामाला होती. गेलेली बाई तिची धाकटी जाऊ; ही थोरली.

“मावशी, मला बोलायचंय,” ती म्हणाली.

“बोल की. पण नाव सांगू नकोस. आवाजही बदलून देऊ आपण. नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या.”

“तिचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का? मी माझ्या नावानं बोलणार.”

मावशींनी तिला माझ्यासमोर बसवलं. समोरासमोर बोलल्यासारखं वाटून तिला धीर यावा म्हणून कानावरचे हेडफोन काढून ठेवले. थोरली माझ्याजवळ सरकून बसली. तिचा श्वास माझ्या जाळीवर येत होता. मग ती बोलू लागली.

“इस्त्री बंद होती. आग जिन्याजवळच्या वीजबोर्डातून लागली. मी पुढे होते, म्हणून निसटले. धाकटी मागच्या दाराकडे पळाली. त्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कपडे चोरीला जातात म्हणून रोजच असतं...”

ती सांगत राहिली. दारावर मारलेल्या थापा, धाकटीच्या हाका. मी शब्द न् शब्द तारेतून पुढे पाठवत होतो. एवढ्यात मावशींचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “अहो, ती बोलत होती आणि मध्येच गाणं का लावलंत?”

मावशींनी काचेकडे पाहिलं. वायरमन खाली मान घालून बसला होता. त्याने माझ्या आवाजाची कळ केव्हाच खाली ओढली होती, आणि हेडफोन काढून ठेवल्यामुळे मावशींना ते कळलं नव्हतं. ‘कुलूप’ हा शब्द घरांपर्यंत गेलाच नव्हता. त्या हाका फक्त आम्ही दोघांनीच ऐकल्या, मावशींनी आणि मी. माझा पडदा त्या वेळी फाटला असता तर बरं, असं मला वाटलं.

“अरे, हे काय केलंस तू?” मावशींचा आवाज चढला.

वायरमन उठून दारात आला. “मावशी, माझी लेक कामाला आहे तिथं. खालचा मजला कालच चालू झाला. हे बाहेर गेलं तर कारखान्याला टाळं लागेल. आपलाच रेडिओ, आणि आपल्याच लोकांच्या पोटावर पाय द्यायचा?”

मावशी थोरलीकडे वळल्या.

थोरलीने पदराने तोंड पुसलं. “भाऊ, लेक कुठं बसते तुमची?”

“मागं. खालच्या दाराजवळ.”

“ते दार आज उघडं होतं का? विचारलंत तिला?”

वायरमनने खिशातून फोन काढला. लेक घरी आली होती. त्याने तिला एकच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून फोन ठेवून दिला. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. गाणं थांबलं.

“वहिनी,” काचेपलीकडून त्याचा घोगरा आवाज आला, “पहिल्यापासून सांगा.”

थोरलीने पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सगळं बाहेर गेलं.

मित्रांनो, पुढचं गोड सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. वाचनालयासमोर माणसं जमली, आणि आरडाओरडा इतका झाला की सरकारी तपासनीस आले. मागच्या दारांची कुलपं निघाली. कारखाना आठवडाभर बंद राहिला, तेव्हा काहींनी मावशींना तोंडावर शिव्या दिल्या. मोठ्या वाहिनीने आपली चूक कधीच सुधारली नाही. थोरलीला कामावरून काढलं. वायरमनच्या लेकीला बापामुळे टोमणे खावे लागतात; तरी ती अजून दाराजवळच बसते. आणि महिनाभरात वाचनालयाच्या विश्वस्तांना अचानक आठवलं, की वरच्या खोलीची दुरुस्ती करायची आहे. खोलीला टाळं लागलं, पण दुरुस्तीला अजून कुणी फिरकलेलं नाही. आमचं यंत्र आत अडकून पडलं आहे. रेडिओ मुका झाला, तेव्हा शिव्या देणारेच विचारू लागले, “पाणी कधी येणार, आता कोण सांगणार?”

मी सध्या मावशींच्या कपाटात आहे. त्या मला मधूनमधून पुसतात, मऊ कापडात गुंडाळतात. फार जीव लावतात. परवा थोरली आणि वायरमन आले होते. वस्तीत कुणी एखादी खोली देतं का, याची तिघांची बोलणी चालली होती. तिघेही दारोदार फिरून आले होते. लोक चहा विचारतात म्हणे. खोलीचा विषय निघाला की घड्याळाकडे बघतात.

मित्रांनो, तुमच्याही वस्तीत असा एखादा लहानसा रेडिओ असेल, हाताने काढलेलं वर्तमानपत्र असेल, नाक्यावर बातम्यांचा फळा असेल. त्याचा आवाज खरखरतो, अक्षर वाकडं येतं, आणि कधी कधी तो तुम्हाला नको असलेलंच सांगतो. त्या दिवशी तोंड फिरवू नका. मला कापडात गुंडाळून जपण्यापेक्षा एक खोली द्या, आणि ज्याचं कुणी ऐकून घेतलेलं नाही, अशा माणसाला माझ्यासमोर आणून बसवा. तो गप्प राहिला तर थांबा. मी थांबेन.