डोंगरावरचा पांढरा डाग

“तिथं हिरवं नको लावू गो पोरी. तिथं डोंगर आलाय.”

मला रंग लावायच्या आधी एका म्हातारीनं हे सांगितलं होतं. जिला सांगितलं ती “हो आजी, बघते” म्हणाली आणि कडेवरच्या मुलीच्या तोंडातला खडा काढू लागली. विषय तिथंच संपला.

मित्रांनो, ज्याला रंग लावायचा होता तो सिनेमा म्हणजे मी. जुना, कृष्णधवल. आता मी रंगीत आहे. माझं नाव बरंच मोठं आहे, पण पोलादपूरकडची माणसं मला ‘बेचाळीसचा पिक्चर’ एवढंच म्हणतात.

स्वराज्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा माझं चित्रीकरण झालं. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. पंधरा-सोळा घरं, खाली भाताची खाचरं, मधून ओढा आणि ओढ्यापलीकडे डोंगर. माझी गोष्ट साधी आहे. महायुद्ध चालू आहे आणि डोंगरातले तरुण इंग्रज सरकारविरुद्ध लपून काम करताहेत. एक लहान मुलगी शेणाच्या पाटीत चिठ्ठी लपवून त्यांचे निरोप पोचवते. एक दिवस शिपाई येतात, सगळ्या वाडीला उन्हात बसवतात आणि विचारतात, निरोप कोण नेतं? कुणी तोंड उघडत नाही. बराच वेळ नुसते चेहरे दिसत राहतात. मागे ओढा आणि डोंगर.

माझ्यातल्या त्या जागेला लोक रडायचे. तंबूतल्या थिएटरात रडायचे, मुंबईच्या मोठ्या थिएटरातही रडायचे. गप्प राहणं हेच माझ्या गोष्टीतलं शौर्य होतं.

उन्हात बसलेल्यांत पुढच्या ओळीत डावीकडून तिसरी एक मुलगी आहे. तिचं नाव आवडी. तेव्हा आठ वर्षांची होती. दोन पावसाळ्यांपूर्वी समोरच्या डोंगराची दरड सुटली होती. तिकडे त्याला ‘डोंगर आला’ म्हणतात. त्यात आवडीची आई गेली आणि दोन म्हशी गेल्या. हिरवळ सोलून निघाली होती आणि आतली माती उघडी पडली होती. माझ्यात ती माती पांढुरकी दिसते, वरपासून ओढ्यापर्यंत, लांब जिभेसारखी. चित्रीकरणाच्या दिवशी आवडीचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं आणि पाठ डोंगराकडे. तिला बसता आलं ते म्हणूनच, असं मला वाटतं.

पुढे माझे दिवस गेले. काही वर्षं पंधरा ऑगस्टला मला दूरदर्शनवर लावत. मग तेही थांबलं. मुंबईतल्या एका गोदामात पत्र्याच्या डब्यात मी पडून राहिलो. अंगाला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला. बुरशी धरली. किती वर्षं गेली ते सांगता येत नाही.

मग एका कंपनीनं मला डब्यातून काढलं, कॉम्प्युटरवर घेतलं आणि रंगवायला ठिकठिकाणच्या मुलामुलींकडे वाटून दिलं. डोंगराची सगळी दृश्यं महाडच्या रिम्शाकडे आली. रिम्शा बीएस्सी झालेली. नवरा कतारला, घरात सासूबाई साजिदा आणि दीड वर्षांची महेक. महेक झोपली की रिम्शा कामाला बसायची. दर पाच मिनिटांनी उठून मुलीच्या नाकापुढे बोट धरायची. प्लगच्या भोकांना तिनं चिकटपट्टी लावली होती. भरलेली बादली घरात कुठंही ठेवू द्यायची नाही. “अगं, आम्ही पाच पोरं वाढवली, एक बादलीत पडलं नाही,” असं साजिदा म्हणायची. रिम्शा बादली ओतूनच यायची.

कंपनीनं सांगितलं, तू तिथलीच आहेस, तेव्हाचं कुणी असेल तर कपड्यांचे रंग विचारून घे. म्हणून रिम्शा महेकला कडेवर घेऊन वाडीत गेली. आवडीआजी ऐंशीच्या झाल्या होत्या. रिम्शानं मोबाईलवर मला लावलं.

“ती बघ, नाक पुसतेय ना, ती मी.”

“आणि ही चिठ्ठी नेणारी हिरॉईन?”

“ती गोरी होती, पण शेणाला हात लावील तर शपथ. पाटी मीच भरून दिली तिला. वर मलाच म्हणते कशी, वास येतो गं तुझ्या हाताला!”

दोघी हसल्या. आजींनी एकेक रंग सांगितला. पाटलाचा फेटा भगवा नव्हता, गुलाबी होता. आपला परकर जांभळा होता, आईच्या लुगड्याचा शिवलेला. रिम्शानं सगळं लिहून घेतलं. मग आजींनी त्या पांढऱ्या जिभेवर बोट ठेवलं आणि ते सांगितलं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

रिम्शानं मान वर करून खरा डोंगर पाहिला. सत्तर वर्षांत तिथं झाडं दाटली होती. डोंगर वरपासून खालपर्यंत हिरवा होता. कंपनीच्या यादीत लिहिलं होतं, बुरशीचे पांढरे डाग साफ करावेत. महेकच्या तोंडात खडा होता. शेवटची बस चुकली असती.

“हो आजी, बघते.”

घरी येऊन तिनं तो डाग पुसला आणि त्यावर गवत काढलं, झाडं काढली. फार छान काढली. पण मित्रांनो, बुरशीचा डाग फिल्मवर असतो. कॅमेरा फिरला तरी तो डोंगराबरोबर फिरत नाही. हा फिरत होता. सातव्या दृश्यात रिम्शाच्या ते लक्षात आलं. ती थांबली. मागची सहा दृश्यं तिनं कंपनीला पाठवून दिली होती. आतून हाक आली, “रिम्शा, पोर उठलं गं!” सगळीकडे सारखं दिसावं म्हणून तिनं सातव्यातही हिरवं भरलं. मला काहीच वाटलं नाही. रंग भरत असताना काही वाटत नाही.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. हजारो मोबाईलवर मी फिरलो. मे महिन्यात मुंबईची माणसं गावी आली तेव्हा वाडीतल्या शाळेच्या अंगणात चादर बांधून मला दाखवलं. रिम्शालाही बोलावलं होतं. गुलाबी फेटा आला तेव्हा शिट्ट्या झाल्या. जांभळा परकर आला तेव्हा सगळी वाडी टाळ्या वाजवत आवडीआजींकडे वळली.

आजींचा नातू भरत मुंबईत नोकरीला आहे. त्याला ओढ्यापलीकडे घर बांधायचं होतं. रस्ता आता त्या अंगाला आला आहे आणि जुन्या घरात त्याची बायको अक्षदा आणि बाळ यांना जागा पुरत नव्हती. तीन वर्षं आजी नको म्हणत होत्या. माझ्यातला डोंगर चादरीवर आला तसा भरत उठला.

“आजे, आता दाखव. कुठं आलाय डोंगर?”

“तिथंच हाय. त्या आंब्याच्या वर.”

“नाय ना पण! हा त्या वक्ताचा पिक्चर हाय. तुझा परकर बरोबर जांभळा हाय, मग डोंगर कसा चुकंल?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आजीला मोतीबिंदू झालाय रे, तिला डोंगरच काय, भरतही दिसत नाय!” सगळे हसले. रिम्शा तिथं होती. तिच्या मांडीवर महेक होती. ती महेकच्या मुठीतला खडा काढू लागली.

आजी उठून चादरीजवळ गेल्या. आपली आई जिथं गेली तिथं वाऱ्यानं हलणारं गवत त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, “मंग माझंच चुकत आसंल.”

पुढच्या मे महिन्यात घर उभं राहिलं. निळ्या रंगाचं, स्लॅबचं. अक्षदा आणि बाळ राहायला गेले. आजीही गेल्या. नको म्हणायला त्यांच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

वास्तुशांतीचा फोटो अक्षदानं रिम्शाला पाठवला. दारात सगळे उभे, मागे डोंगर. रिम्शानं तो फोटो आणि माझं जुनं, बिनरंगाचं दृश्य शेजारी शेजारी लावलं. आंब्याचं झाड दोन्हीकडे होतं. घर त्या जिभेच्या टोकावर होतं. महेक ओढणी ओढत होती, तरी रिम्शा हलली नाही.

मग तिनं फोन केला.

“भरतभाऊ, तो डाग नव्हता. खरी माती होती. मीच पुसली.”

“ताई, आता स्लॅब टाकून झाला. आणि आजी स्वतःच म्हणाली ना, तिचं चुकत होतं म्हणून? दिवाळीला आलो की बघू.”

तिनं सरकारी कचेरीतही सांगितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं, पाहणीला येऊ म्हणाले. तिनं माझ्यातलं हिरवं खरवडून काढलं आणि तिथं उघडी लाल माती भरली. पण मी आधीच हजारो मोबाईलवर हिरवा होऊन बसलो आहे. अक्षदाला तिनं माझं बिनरंगाचं दृश्य पाठवलं. पाऊस लागल्यापासून वाडीत रेंज नाही. त्या निरोपापुढे अजून एकच टिक आहे. बस कापड्यापर्यंत जाते, पुढे चालायचं, आणि महेकला ताप आहे. रिम्शा आता तिच्या नाकापुढे बोट धरते आणि दुसऱ्या हातानं टिक बघते.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझा डबा गंजला तरी चालेल. मला बघताना मात्र शेजारी कुणी म्हातारं माणूस बसलं असेल, तर त्याला विचारा, हे असंच होतं का? ते ‘नाही’ म्हणालं, तर हसू नका.

आणि तुमच्यापैकी कुणाचं घर त्या बाजूला असेल, कुणाचे वडील त्या रस्त्यानं गाडी नेत असतील, तर त्यांना सांगा. कापड्याच्या वर, ओढ्यापलीकडे, आंब्याशेजारी निळं घर आहे. दारातून अक्षदा म्हणून हाक मारा. पाऊस जोराचा असला की बाळाला घेऊन ओढ्याअलीकडच्या शाळेत झोपायला जाता का, एवढं विचारा. जात नसतील तर आज जा म्हणावं.

आत आवडीआजी असतील. त्या म्हणतील, माझंच चुकत होतं. त्यांना माझा निरोप द्या. आजी, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत होतात. तुमच्या मागचा डोंगर मी बघत होतो. तुमचं चुकलेलं नाही.