तळहाताखालच्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना शास्त्रग्रंथ, एक बायबल आहे. माझ्या पोटात लाखो शब्द आहेत, पण त्यांतला एकही मला स्वतःहून उच्चारता येत नाही. कोणी उघडले तर मी उघडतो आणि वाचणारा थांबला की मीही थांबतो. माझे सारे आयुष्य या लाचारीत गेले.

माझा जन्म लोझानच्या एका छापखान्यात झाला. वासराच्या कातड्याची बांधणी आणि कडेला दोन पितळी कड्या, असे माझे रूप होते. एका फेरीवाल्याच्या पाठीवरून डोंगर ओलांडून मी जर्मानास्काच्या दरीत आलो आणि मिकोल कुटुंबाचा झालो. आमच्या दरीत बोलणे गावच्या बोलीत आणि देवाचे वाचन फ्रेंचमध्ये चाले. हिवाळ्यात सगळे घर गोठ्यात येऊन बसे, कारण ऊब तिथेच असे. गाई रवंथ करीत आणि घरधनी बार्तेलमी मिकोल मला मांडीवर घेऊन अध्याय वाची.

बार्तेलमी गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी एक होता. सरळ, कष्टाळू आणि भलताच ताठ. त्याची एकुलती एक मुलगी फेलिसी माझ्याच पानांवर अक्षरे शिकली. चेस्टनटची फळे सोलून काळी झालेली तिची बोटे ओळीवरून सरकत. सात वर्षांची असताना ती बापापेक्षा स्वच्छ वाचू लागली. तेव्हा तो शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून आणी आणि तिला स्तोत्र वाचायला लावी. माझे पहिले पान कोरे होते. त्यावर घरातले जन्म लिहिलेले असत. तिचे नाव तिथे त्याने सर्वांत ठळक अक्षरांत लिहिले होते.

फेलिसी वीस वर्षांची झाली आणि तिने बत्तिस्ताशी लग्न करायचे ठरवले. हा बत्तिस्ता बेर्गामोकडून आलेला, शंखजिऱ्याच्या खाणीत काम करणारा मजूर होता. माणूस शांत होता, पण कॅथलिक होता आणि आमची दरी प्रोटेस्टंट. बार्तेलमीचा राग अगदीच हवेतला नव्हता, मित्रांनो. त्या पंथाच्या राजांच्या सैनिकांनी कधीकाळी आमची गावे जाळली होती, आणि ती गोष्ट आमच्या दरीत प्रत्येक घर जपून ठेवी.

एका रविवारी उपासनेनंतर बार्तेलमीने मला टेबलावर ठेवले आणि माझ्यातले, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेले दुसरे पत्र उघडले. पान उलटू नये म्हणून त्याने डावा तळहात वरच्या भागावर दाबून धरला आणि उजव्या हाताचे बोट एका ओळीवर ठेवले. विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर एका जुवाला जुंपून घेऊ नका, अशा अर्थाची ती ओळ होती.

"हे मी सांगत नाही," तो म्हणाला. "हे देव सांगतोय."

"बाबा, त्याचाही देव तोच आहे. तुम्ही त्याला एकदा भेटा तरी," फेलिसी म्हणाली.

तो भेटणार नव्हता. त्या ओळीच्या अगदी वर, त्याच्या तळहाताखाली, आणखी काही ओळी होत्या. पौल त्यांत म्हणतो की, आमचे मन तुमच्यासाठी मोठे झाले आहे. संकोच आहे तो तुमच्या मनात. मुलांशी बोलावे तसा तुमच्याशी बोलतो, तुम्हीही आपली मने मोठी करा. मी ते शब्द घेऊन त्या हाताखाली नुसता पडून होतो. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. साधे पान फडफडवणेही माझ्या हाती नव्हते.

फेलिसी एक गाठोडे घेऊन निघून गेली. बार्तेलमीने त्याच दिवशी पहिल्या पानावरचे तिचे नाव खोडले. त्याने टाक इतका दाबला की कागद फाटला.

पुढच्या दोन वर्षांत तिची दोन पत्रे आली. त्याने ती फोडली नाहीत आणि जाळलीही नाहीत. माझ्या पानांत ठेवून त्याने कड्या लावल्या. तो गवत कापायला गेला की त्याची बायको मादलेन हळूच मला उघडी आणि ती पाकिटे हातात घेऊन बसे. तिला छापील अक्षर वाचता येई, हाताने लिहिलेले नाही. शेजारणीकडे वाचायला न्यावे तर गावभर झाले असते. ती पाकिटांवरून हात फिरवी आणि पुन्हा माझ्यात ठेवी. पत्रे माझ्याच पोटात असून त्या माऊलीला मी काही सांगू शकत नव्हतो.

पाचव्या हिवाळ्यात मादलेनला छातीचे दुखणे जडले. तिचा पलंग गोठ्यातच हलवला. बार्तेलमी तिला रोज सकाळी पौलाची पत्रे ओळीने वाचून दाखवी. एके दिवशी ते पान आले. तो दोन पाने एकदम उलटू लागला.

"अहो, पान सोडलंत," मादलेन म्हणाली. "वरपासून वाचा की."

त्याने वरपासून वाचले. मुलांशी बोलावे तसे, या शब्दांवर त्याचा आवाज थांबला.

तिने विचारले, "हे तेव्हाही इथंच होतं का हो?"

"होतं."

"मग वाचलं का नाहीत?"

"माझा हात होता त्यावर," तो म्हणाला.

मग त्याने पत्रे फोडली. पहिल्या पत्रात मुलगा झाल्याची बातमी होती. त्याचे नाव आजोबाचेच ठेवले होते. दुसऱ्यात लिहिले होते की खाणीतले काम सुटले आहे आणि चेस्टनटचा हंगाम झाला की ते जेनोवाहून बोटीने उरुग्वेला निघणार आहेत. जाण्याआधी एकदा दाराशी येऊन जाऊ का, बाबा हो म्हणाले तरच येईन, असे तिने विचारले होते. ते पत्र तीन वर्षांपूर्वीचे होते.

मादलेनने ते त्याच्याकडून तीनदा वाचून घेतले. बर्फ वितळण्याआधी ती गेली.

बार्तेलमीने उरुग्वेतल्या आमच्या लोकांच्या वसाहतीला पत्र लिहिले. ते पत्ता न सापडल्याचे शिक्के बसून परत आले. त्याने दुसरे लिहिले; त्याचे उत्तर कधीच आले नाही. ईस्टरच्या रविवारी तो मला काखेत घेऊन प्रार्थनामंदिरात उभा राहिला. त्याने ते पान सर्वांसमोर वरपासून खालपर्यंत वाचले, आणि आपण काय झाकले होते तेही सांगितले. पाळकांनी मान खाली घातली होती. घरी आल्यावर त्याने खोडलेल्या नावाखाली फेलिसीचे नाव पुन्हा लिहिले आणि त्याखाली नातवाचे. मरेपर्यंत तो रोज मला उघडत राहिला.

आज मी दरीतल्या छोट्या संग्रहालयात काचेखाली आहे. माझे तेच एक पान वर्षानुवर्षे उघडे असते. लोक बांधणीचे कौतुक करतात आणि पुढे जातात. मित्रांनो, माझे एक ऐका. तुमच्या घरातला ग्रंथ मानाने उंच फळीवर ठेवून देऊ नका. बार्तेलमीने मला चुकीचे वाचले, पण उघडत राहिला, म्हणून एके सकाळी त्याला त्या ओळींवर थांबता आले. फळीवरून मला कोणालाच थांबवता येत नाही.