मोडलेली पट्टी

मी गोलकीपरचा एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. मित्रांनो, माझ्या प्रत्येक बोटात एक कडक पट्टी शिवलेली आहे. चेंडू कितीही जोरात आला तरी बोट उलटं वळू नये, एवढंच तिचं काम. ताईनं मला विकत घेतलं ते याच पट्ट्यांसाठी. त्याआधी उघड्या हातानं चेंडू अडवताना तिचं एक बोट मोडलं होतं.

ताईचं कॉलेज संपलं आणि मी तिच्या धाकट्या बहिणीकडे आलो. तिच्या हातावर चढून मी कॉलेजच्या मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत पोहोचलो. संघ जिंकत गेला आणि माझं कौतुक सुरू झालं. हरेपर्यंत मला धुवायचं नाही, असा त्यांचा नियम. सामन्याआधी सगळ्या रिंगण करून मला हातोहात फिरवत. वास असा, की कप्तान नाक दाबूनच मला टाळी द्यायची. पण माझ्या आत काय चाललंय, हे कुणी बघत नसे.

उपांत्य सामन्यात धाकटी गोलच्या खांबावर आदळली आणि माझ्या करंगळीशेजारच्या बोटातली पट्टी मोडली. तिला ते कळलं. तिनं आपल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि कोचबाईंना सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून मला एकच काळजी लागली. एक जोरदार फटका त्याच बोटावर बसला तर? ओरडून सांगावंसं वाटे, पण हातमोज्याला तोंड कुठलं? मी नुसता घाबरत राहिलो.

अंतिम सामन्याआधी ताई कपडे बदलायच्या खोलीत आली. जुन्या सवयीनं तिनं मला हातावर चढवलं आणि तिचा चेहरा उतरला.

“हे तुला माहीत होतं?”

धाकटीनं मान खाली घातली. “ताई, आता बदलले आणि हरलो, तर खापर माझ्यावर फुटेल गं.”

“फुटू दे,” म्हणत ताईनं तिच्यासमोर मूठ वळली. एक बोट बाहेरच राहिलं.

धाकटीनं पिशवीतून नवी जोडी काढली. मला बाकावर ठेवून सगळ्या गेल्या. कप्तान वळून वळून माझ्याकडे बघत होती.

बाहेर आरडाओरडा चालला होता. मग सगळं मैदान एकदम गप्प झालं आणि माझा जीव अर्धा झाला. गोल झाला असेल, की बोट गेलं असेल?

दार उघडलं. मुली रडत होत्या. चेंडू धाकटीच्या बोटांना लागून आत गेला होता आणि त्या एका गोलनं हरल्या होत्या. जुने घातले असते तर, असं कुणीतरी पुटपुटलंही. माझ्याशेजारी बसून धाकटीनं नवा हातमोजा उतरवला आणि हात माझ्यात घातला. मी भीत भीत एकेक बोट चाचपलं. मग तिनं मूठ वळली. ती पूर्ण मिटली.

आता मी धुतलेला, खिळ्याला टांगलेला असतो. धाकटी खेळायला निघाली की अजूनही मला धास्ती वाटते. पण निघण्याआधी ती नव्या हातमोज्याचं एकेक बोट वाकवून बघते. मित्रांनो, तुम्हीही बघत जा. आम्ही मोडलो असलो तर खुशाल बाजूला ठेवा. आम्हाला राग येत नाही.