कोरड्या हाताने लावलेला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. अंगावर बारा खिळे, खिळ्यांवर बारा पितळी बिल्ले. पूर्वी मी मासेमारीच्या होडीतलं बाक होते. होडी फुटली तेव्हा म्हाताऱ्या एउसेबिओने मला उचललं, रंधा मारला आणि पाहुण्यांना समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्या आपल्या बोटीत सुकाणूशेजारी टांगलं.

त्याने एक नेम घालून दिला. बुडी मारण्याआधी ज्याने त्याने आपला बिल्ला काढून खालच्या डब्यात टाकायचा आणि वर आल्यावर ओल्या हाताने स्वतःच परत लावायचा. एक खिळा रिकामा असला तरी बोट हलायची नाही. "फळी खोटं बोलत नाही," तो म्हणायचा. एकोणीस वर्षं मी ओल्या हातांनी भिजत राहिले.

एउसेबिओ गेला. बोट त्याच्या पुतण्याकडे, विल्फ्रिदोकडे आली.

त्या शनिवारच्या सहलीचा बेत माझ्यासमोरच ठरला. आठ पाहुणे, प्रवाळाच्या भिंतीवर दोन बुड्या, मध्ये तळलेला मासा आणि केळी. वाटाडी म्हणून नेरेइदा, पहिल्यांदाच. चार वर्षं तिने याच बोटीवर हवेच्या टाक्या वाहिल्या होत्या.

"दुपारनंतर प्रवाह बाहेर ओढतो," ती म्हणाली. "दुसरी बुडी बाराच्या आत उरकू या."

"ऐकलंस का होरासिओ?" विल्फ्रिदो म्हणाला. "बाईसाहेब आता आपल्याला समुद्र शिकवणार."

इंजिनवाला होरासिओ हसला. "मग बारसं करू की हिचं."

नव्या वाटाड्याला एकट्याला पाण्यात सोडून बोट खडकाआड न्यायची आणि तो घाबरला की हसायचं, याला ते बारसं म्हणत. एउसेबिओने ते बंद केलं होतं.

दुसरी बुडी दोन वाजता झाली. आठ ओल्या हातांनी आठ बिल्ले लावले. नेरेइदा अजून खाली पाण्यात, खडकाला बांधलेला बोटीचा दोर सोडवत होती.

"ती मुलगी कुठाय?" एका पाहुणीने विचारलं.

विल्फ्रिदोने डब्यातला तिचा नऊ नंबरचा बिल्ला उचलून माझ्यावर अडकवला. "आली की. पुढे कपडे बदलतेय. हा बघा बिल्ला."

तो हात कोरडा होता. मला कळलं. पण लाकडाला तोंड नसतं.

बोट खडकाआड गेली. तिथे पाहुण्यांनी कलिंगड खाल्लं. पंधरा मिनिटांनी बोट परतली, तेव्हा पाण्यावर कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका कोळ्याला तिच्या पायातला हिरवा रबरी पंख सापडला. एकच.

बंदरावरच्या साहेबापुढे विल्फ्रिदोने मलाच उभं केलं.

"मोजणी पुरी होती, साहेब. नंतर तीच परत उतरली असणार. शहाणी होती जरा जास्तच. आमची फळी खोटं बोलत नाही."

साहेबाने बिल्ले मोजले आणि तसंच लिहून घेतलं. नेरेइदाची आई, कासिल्दा, समोरच उभी होती.

तेव्हापासून ती रोज सकाळी गुडघाभर पाण्यातून बोटीवर चढते, समुद्रात भिजलेल्या हाताने नऊ नंबर काढते आणि डब्यात ठेवते.

"माझी पोर अजून वर आली नाही. बोट हलवू नकोस."

"बरं, कासिल्दाबाई," विल्फ्रिदो म्हणतो. ती उतरेपर्यंत थांबतो. मग बिल्ला परत लावतो आणि होरासिओला इंजिन सुरू करायला सांगतो.

मित्रांनो, एवढंच मागते. माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो आला असं कोणाला सांगू नका, थट्टेतसुद्धा नाही. माझं सगळं अंग रोज भिजतं. नवव्या खिळ्याखालचं लाकूड तेवढं आईच्या हाताने ओलं होतं, आणि बोट सुटेपर्यंत वाळून जातं.