खांबाकडं पळ

लातूर जिल्हा नवा झाला होता. आधी उस्मानाबादला व्हायच्या त्या शाळांच्या स्पर्धा आता लातूरला होऊ लागल्या होत्या, आणि उदगीरच्या पोरींनी खो-खोत पहिल्यांदाच अंतिम सामना गाठला होता. चंद्रप्पाची थोरली पोरगी जगदेवी त्या संघात होती. चंद्रप्पाचं बाजारात पेंड-सरकीचं दुकान. साल दुष्काळाचं, वैरण कुठं मिळेना, त्यामुळं दुकानापुढं सकाळपासून बैलगाड्या उभ्या असायच्या. तरी त्या दिवशी दुकान भावावर सोडून तो सामना बघायला गेला.

मैदानावर मारायला पाणी नव्हतं. माती विटेसारखी टणक झाली होती. शेवटच्या डावात जगदेवीच्या सोबतच्या दोघी बाद झाल्या आणि ती एकटी उरली. शिट्टी होईपर्यंत टिकली असती तर सामना उदगीरचा होता. तिनं लातूरच्या पोरींना चांगलंच झुलवलं. बसलेल्या दोघींच्या मधून ती पलीकडं निसटणार, तेवढ्यात रेघेबाहेर उभा असलेला चंद्रप्पा जिवाच्या आकांतानं ओरडला, "खांबाकडं पळ!" ती वळली. खांबापाशी लातूरच्या पोरीनं झेप घेतली आणि दोघीही आपटल्या. जगदेवी बाद झाली.

चंद्रप्पा तिच्याजवळ गेला तेव्हा सगळा संघ तिथंच होता. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "कुणालाही उभं केलं असतं तरी एवढं जमलं असतं. गिऱ्हाइकं टाकून मी हे बघायला आलो?" पोरी खाली बघू लागल्या. जगदेवीनं चपला घातल्या आणि गुपचूप त्याच्यामागं चालू लागली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीशी बसवून चंद्रप्पानं सामना पुन्हा पहिल्यापासून काढला. कुठं चुकलं, कुठं थांबायचं होतं, आणि त्या घडीला खांबाकडं जायचं कारणच काय होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. नळेगाव गेलं तरी त्याचं बोलणं चालूच होतं.

घरी आल्यावर तिच्या आईनं, मल्लम्मानं, तिला पायरीवर बसवलं आणि परकर वर सरकवला. दोन्ही गुडघे सोलले होते, आणि रक्त वाळून परकराला चिकटलं होतं. घरात पाणी मोजकंच. मल्लम्मानं पिण्याच्या कळशीतलं तांब्याभर घेतलं आणि कापड भिजवून जखमा पुसायला लागली. नवऱ्याकडं न बघताच तिनं विचारलं, "लातूरपासून शेजारी बसून आलाव ना तुम्ही? एवढं दिसलं न्हाई?"

चंद्रप्पा हातपाय न धुताच आत गेला. त्याला सामन्यातली एकेक हालचाल पाठ होती, आणि पोरीच्या पायाकडं मात्र त्याची नजरही गेली नव्हती.

जखमा भरल्या, पण जगदेवी सरावाला जाईना. संध्याकाळी टँकर आला की घागर घेऊन रांगेत उभी राहायची. खेळ शिकवणाऱ्या तारामतीबाई दुकानावर येऊन विचारून गेल्या. त्या रागावल्या नाहीत. पोरगी गुणी आहे, एवढंच म्हणाल्या. चंद्रप्पाला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

त्या संध्याकाळी तो स्वतः टँकरवर गेला. घागर भरल्यावर ती त्यानं खांद्यावर घेतली आणि चालता चालता विचारलं, "खेळायचं सोडलीस का तू?"

जगदेवीनं पावलं उचलून चालायला सुरुवात केली.

"मी रागावून विचारत न्हाई. त्या दिवशी तू मधून निसटत होतीस. मग खांबाकडं का वळलीस?"

"तुम्ही ओरडलाव म्हणून, अप्पा."

चंद्रप्पा थांबला. घागरीतलं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. आपण ओरडलो होतो हे त्याला आता आठवलं, आणि काय ओरडलो तेही आठवलं.

"मग गाडीत का सांगितलं न्हाईस? मी एवढं बोलत होतो तर."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," जगदेवी म्हणाली.

अख्ख्या वाटेनं तो तिला टोचत आला होता, आणि तेवढा वेळ ती त्यालाच सांभाळत होती. घरी आल्यावर त्यानं घागर ठेवली. चूक माझी होती, असं तो भिंतीकडं बघतच म्हणाला. जगदेवीनं मान हलवली आणि ती चुलीकडं गेली. एवढ्यानं भागणार नाही, हे त्याला कळलं. बोलला होता तो सगळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या मैदानावर गेला. दुकानातली टोपी आणि अंगाला पेंडीचा वास तसाच. तारामतीबाईंना विचारून तो पोरींसमोर उभा राहिला, पण सुरुवात कशी करावी ते सुचेना. शेवटी म्हणाला, "लातूरला जगदेवी चुकली न्हाई. मी मधीच ओरडलो म्हणून ती बाद झाली. अन् वरून तिलाच बोललो. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय, म्हणून हेबी ऐका." एक-दोघी हसल्या. त्याचे कान तापले. कुणी काही म्हणायच्या आत तो निघाला.

जगदेवीला हे मैत्रिणींकडून कळलं. आठवडाभरानं ती सरावाला जाऊ लागली. अहमदपूरचा सामना ठरला तेव्हा ताटावर बसल्या बसल्या तिनं सांगितलं, "अप्पा, यावेळी तुम्ही येऊ नका."

"बरं," चंद्रप्पा म्हणाला. त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

सामन्याच्या दिवशी त्याचं दुकानात लक्ष लागलं नाही. उदगीर हरल्याचं त्याला अहमदपूरहून आलेल्या एका ट्रकवाल्याकडून आधीच समजलं होतं. जगदेवी घरी आली तेव्हा त्यानं सामन्याचं नाव काढलं नाही. तिला जेवू दिलं. जेवण झाल्यावर ती आपणहूनच त्याच्यापाशी येऊन बसली आणि सांगू लागली. पहिला डाव कसा गेला, कुणाचा पाय मुरगळला, कोण रडलं. ऐकताना दोनदा त्याच्या ओठांवर आलं की तिथं तू असं करायला पाहिजे होतंस. दोन्ही वेळा त्यानं ते गिळलं. एवढं सोपं होतं, तर त्या दिवशी एसटीत आपल्याला का जमलं नाही, हे मात्र त्याला काही केल्या उमगेना.

"ऐकायलाव ना, अप्पा?" जगदेवीनं विचारलं.

"हाव. सांग की," तो म्हणाला.